रीत होती म्हणून टक्केवारी बरोबर ठरते का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वसाहतीच्या सरकारने परदेशी बंदरातून धान्य घेतलं की तिथल्या कॉन्सलला (परदेशी बंदरात नेमलेला सरकारचा प्रतिनिधी) खरेदीवर कमिशन द्यायचे, त्यावरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला. लेख चांगलाय, पण शेवटी "त्या काळी ती रीतच होती" म्हणून विषय गुंडाळलाय ते काही पटलं नाही. माझी सगळी नोकरी स्टोअर्स आणि खरेदीत गेली, टक्का दिसला की आपोआप आकडेमोड सुरू होते.

समजा तांदळाचं पोतं 100 ला मिळालं आणि कमिशन 5 टक्के, तर साहेबाला 5 सुटले. तेच पोतं 140 ला घेतलं तर 7. म्हणजे घासाघीस करायची, आणखी दोन व्यापाऱ्यांकडे चकरा मारायच्या, दुसरं जहाज लागेपर्यंत थांबायचं आणि एवढं करून स्वतःचेच 2 घालवायचे, कोण करेल हो? त्याला माणूस चोर असायला लागत नाही, सरळ माणूससुद्धा "जाऊ दे, आहे त्या भावात उचला" म्हणून मोकळा होतो. आणि सरकार धान्य घ्यायला कधी निघतं, तर टंचाई पडली की, म्हणजे भाव आधीच चढलेला असतो.

कॉन्सलची बाजूही आहे, नाही असं नाही. 1825 च्या आधी बऱ्याच ब्रिटिश कॉन्सलना धड पगारच नसायचा, कागदपत्रांची फी आणि स्वतःचा व्यापार यावर भागवायचे, मग जॉर्ज कॅनिंग ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री असताना कायदा करून पगार दिले. बंदरातला भाव, जहाजं, कोण व्यापारी शब्दाचा पक्का हे त्यालाच माहीत, तेव्हा जादा कामाचे पैसे द्या की, पण ठराविक रक्कम द्या. पोतं स्वस्त पडो की महाग, त्याची रक्कम तीच.

आता रीतीचं. आपल्याकडचंच उदाहरण बघा, फक्त इथे कॉन्सल नाही, कंपनी सरकारचा सेक्रेटरी आहे. 1780 मध्ये म्हैसूरच्या हैदर अलीने कर्नाटिकवर (आजचं कर्नाटक नव्हे, मद्रासभोवतालचा तमिळ मुलूख) स्वारी केली, मद्रासकडे अन्नाची टंचाई झाली, तांदूळ बंगालमधून जहाजाने पाठवायचा ठरला. ते काम गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने कलकत्त्याच्या कौन्सिलचाच (त्याच्या कारभारी मंडळाचा) सेक्रेटरी जेम्स पीटर ऑरिओल याला दिलं, कमिशन 15 टक्के! वर त्याचे हिशोब व्हाउचर न मागता "इमानावर" मान्य करायचे. (आमच्या स्टोअरमध्ये सुतळीच्या गुंडीलासुद्धा पावती लागायची, असो.) कलकत्त्याच्या किल्ल्याचा धान्यसाठा जॉन बेलीकडे, हा हेस्टिंग्जचा प्रायव्हेट सेक्रेटरी, त्याला तर 30 टक्के, आणि आरोपपत्रात असं होतं की व्यापाऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांनी 20 पुरे म्हणून सांगितलेलं.

आरोपपत्रात म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क याने हेस्टिंग्जवर जो महाभियोग चालवला त्यात. 1788 ला खटला उभा राहिला, 1795 ला हेस्टिंग्ज सगळ्यातून सुटला हे खरं, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की ही कमिशनं त्याच काळात, त्यांच्याच पार्लमेंटमधल्या लोकांना खटकली आणि भर सभेत वाचून दाखवली गेली. मग आपण सव्वादोनशे वर्षांनी "रीत होती" म्हणून सोडून द्यायचं हे अजबच झालं. ऑरिओल कुटुंबाचं झोफनी नावाच्या चित्रकाराने काढलेलं एक चित्र आहे, झाडाखाली चहा चाललाय, भोवती नोकर उभे, सगळं कसं निवांत. पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यात ते 15 टक्केच फिरत होते.

एक जाता जाता, पुढे गव्हर्नर-जनरल झालेल्या कॉर्नवॉलिसने महसूल गोळा करणाऱ्या कलेक्टरला महिना 1500 रुपये पगार दिला तरी वसुलीवर साधारण 1 टक्का ठेवलाच. पण तिथे निदान सरकारची तिजोरी भरली तर साहेबाला मिळायचं (रयतेचं काय झालं ते वेगळं), इथे धान्यखरेदीत तिजोरी जेवढी रिकामी होईल तेवढं जास्त मिळतंय.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकाला एवढंच सांगा की नुसता टक्का देऊ नका, तो कशावर लावला ते द्या. फक्त धान्याच्या किमतीवर, की जहाजाचं भाडं, विमा, पोती, हमाली सगळं धरून? आमच्या धंद्यात खरी गोम तिथेच असते.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर