वेल्सचा हिशेब १४ मार्चनंतर मांडा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आपल्या क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळींची बातमी होती : कार्डिफमध्ये दक्षिण आफ्रिकेने वेल्सला रग्बीत ७३-० असे लोळवले. बातमी खरी होती, तक्रार नाही. पण पुढे डिसेंबरात एका स्तंभात ‘वेल्सचे रग्बी संपले, निदान प्रशिक्षक तरी बदला’ अशा अर्थाचे छापून आले. त्याबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी मूळचा लालबागचा, आता ठाणेकर. मुलगी कार्डिफला नोकरी करते. नातवाला सांभाळण्याच्या निमित्ताने ऑक्टोबरपासून मुक्काम इथेच आहे. तरुणपणी गिरणगावातल्या एका मंडळाकडून कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचो, त्यामुळे रग्बीतला टॅकल मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. पायात घुसून केलेली पकड ती पकडच. बाकीचा खेळ शेजारच्या गृहस्थांनी शिकवला. त्यांची ओळख झाली तीच कानांवरून. दोन्ही कान मोडलेले, आपल्याकडच्या तालमीतल्या जुन्या पैलवानासारखे. मी विचारले, कुस्ती? ते हसले आणि म्हणाले, प्रॉप, अठरा वर्षे.

प्रॉप म्हणजे काय, हे त्यांनी मला कचऱ्याच्या चाकवाल्या पेटीला खांदा लावून दाखवले. पाठ पाटासारखी सपाट, पावले मागे, मान ताठ. स्क्रममध्ये आठ माणसे समोरच्या आठांना भिडतात. उजवीकडचा प्रॉप दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये डोके घालतो आणि दोघांचा भार एकटा झेलतो. असा माणूस तयार व्हायला सात-आठ वर्षे लागतात, असे त्यांचे म्हणणे. तो व्यायामशाळेत तयार होत नाही, दर शनिवारी आपल्याहून थोराड माणसांकडून मार खाऊन होतो. वेल्सचे दुखणे इथूनच सुरू होते.

आकडे आधी सांगून टाकतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला विश्वचषकात जॉर्जियाला हरवल्यानंतर वेल्सने ओळीने १८ कसोटी सामने गमावले (रग्बीत देशादेशांतल्या सामन्याला कसोटीच म्हणतात). २०२४ हे अख्खे वर्ष एकही कसोटी न जिंकता गेले; १९३७ नंतर असे प्रथमच घडले. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडने कार्डिफमध्ये येऊन ६८-१४ ने मारले. ही माळ तुटली जुलै २०२५ मध्ये, जपानमध्ये कोबे इथे. त्या १८ पराभवांपासून २०२५ अखेरपर्यंत २३ कसोटी आणि २ विजय, दोन्ही जपानवर. गेल्या नोव्हेंबरातल्या चार सामन्यांत वेल्सवर ५२, २३, ५२ आणि ७३ गुण चढले. बेरीज बरोबर २०० येते. मी दोनदा करून पाहिली.

आणि हाच संघ २०१९ मध्ये ग्रँड स्लॅम करून, म्हणजे सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेतले पाचही सामने जिंकून, ऑगस्टमध्ये काही काळ जगात पहिल्या क्रमांकावर होता. २०२१ मध्ये पुन्हा सिक्स नेशन्स जिंकला. सगळ्या वेल्सची लोकसंख्या ३१ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या पुणे शहराची तेवढीच होती. एका पुण्याने इंग्लंड, फ्रान्स, दक्षिण आफ्रिकेशी बरोबरीने भिडायचे, ही मुळात अवघड गोष्ट. ती जमत होती तेव्हा कुणी कौतुकाच्या चार ओळी छापल्या होत्या का, मला आठवत नाही.

मग झाले काय? एक तर पिढी एकदम गेली. अलन विन जोन्स, जस्टिन टिपरिक, डॅन बिगर, ली हाफपेनी, केन ओवेन्स, जॉर्ज नॉर्थ, सगळे वर्षभराच्या आत. एकट्या अलन विन जोन्सच्या वेल्ससाठी १५८ कसोट्या होत्या. घरातली सगळी वडीलधारी माणसे एकाच वर्षी गेली तर स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे आहे हेही कुणाला सांगता येत नाही, तसे या संघाचे झाले. त्यातच लुइस रीस-झॅमिट जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळायला निघून गेला. आता परतला आहे, पण ती दोन वर्षे गेलीच.

ही पिढी गेली ते वयाने. तिच्या जागी येणारे कुठे आहेत, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रशिक्षकाच्या खिशात नाही. वेल्समध्ये व्यावसायिक रग्बीचे चार संघ आहेत : कार्डिफ, स्कार्लेट्स, ऑस्प्रीज आणि ड्रॅगन्स. पैशाची चणचण सगळीकडे. कार्डिफचा संघ गेल्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीच्या दारात पोहोचला तेव्हा वेल्श रग्बी युनियनलाच तो ताब्यात घ्यावा लागला. ऑक्टोबरात युनियनने जाहीर केले की चाराचे तीन करायचे : एक राजधानीत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पश्चिमेला स्कार्लेट्स आणि ऑस्प्रीज असे संघ दोन आहेत आणि जागा एक. आपण पुढच्या वर्षी कुणाकडून खेळणार हे ज्या खेळाडूला ठाऊक नाही, त्याने शनिवारी छातीवर येणारा शंभर-सव्वाशे किलोचा माणूस अडवायचा आहे. परदेशी क्लबने बोलावले तर तो का जाणार नाही? आणि गेला की नियम आड येतो : वेल्सबाहेर खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात यायचे तर साधारणपणे आधी २५ कसोट्या खेळलेल्या हव्यात. (पूर्वी ६० होत्या. संपाच्या धमकीपर्यंत गोष्ट गेली तेव्हा २०२३ मध्ये त्या कमी झाल्या.)

शेजाऱ्यांना यात नवे काही वाटत नाही. ते दक्षिण वेल्समधल्या रोंडा खोऱ्यातले, कोळशाच्या खाणीत काम केलेले. २००३ मध्ये जुन्या क्लबांवर पाच प्रादेशिक संघ बसवले गेले. त्यांतला खोऱ्यांचा संघ, सेल्टिक वॉरियर्स, एका हंगामात गुंडाळला गेला. ज्या खोऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रॉप आणि हुकर (स्क्रमच्या पुढच्या रांगेत दोन प्रॉपच्या मधला) पुरवले, तिथे तेव्हापासून व्यावसायिक संघच नाही. त्याआधी १९८४-८५ चा खाण कामगारांचा संप झाला होता आणि रोंडातली शेवटची खोल खाण १९९० मध्ये बंद पडली होती. मी त्यांना आमच्या १९८२ च्या गिरणी संपाचे सांगितले. गिरण्या थंड झाल्यावर आमच्या मंडळाला पहिली तीन-चार वर्षे काही जाणवले नाही, जुनी पोरे खेळतच होती. मग एका वर्षी पाहिले तर कोपऱ्यावर उभे राहायला कुणी नव्हते. त्यांनी मान डोलावली आणि कुंपणावरून मला चहा दिला. दूध जरा जास्तच होते, पण ते असो.

तेव्हा प्रशिक्षक स्टीव्ह टँडी यांना बदला म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ते सप्टेंबरात कामाला लागले. आधीचे प्रशिक्षक वॉरन गॅटलंड यांच्यासारखा मुरब्बी माणूस गेल्या फेब्रुवारीत स्पर्धेच्या मध्येच बाजूला झाला, तेव्हा कुणी जादूची कांडी फिरवली? टँडी स्कॉटलंडच्या बचावाचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्याच संघावर २०० गुण चढावेत, ही टीका रास्त आहे. मी ती झाकत नाही. पण बचाव नुसता शिकवून येत नाही. शेजारचा माणूस पुढे येईल की मागे थांबेल, हे न बघता कळायला लागते आणि त्याला एकत्र खेळावे लागते. आमच्या साखळीत हात धरलेला असायचा, तरी चुका व्हायच्या; इथे तर हातही धरायचा नाही. त्यात कर्णधार जॅक मॉर्गन अर्जेंटिनाविरुद्ध खांदा निखळून बाहेर गेला, आणि दक्षिण आफ्रिकेचा सामना अधिकृत कसोटी-कालावधीच्या (ज्यात क्लबांना खेळाडू देशासाठी सोडावेच लागतात) बाहेर असल्यामुळे इंग्लंड-फ्रान्सच्या क्लबांत खेळणारे मिळालेच नाहीत.

आता येता हंगाम, २०२६ ची सिक्स नेशन्स. ७ फेब्रुवारीला ट्विकनहॅमवर इंग्लंड : हरणार. १५ ला कार्डिफमध्ये फ्रान्स : हरणार, आणि कदाचित वाईट हरणार. २१ ला घरीच स्कॉटलंड. टँडींना तो संघ आतून ठाऊक आहे, त्यामुळे थोडी आशा. पण पैज लावणार नाही. ६ मार्चला डब्लिनमध्ये आयर्लंड : सोडून द्या. उरला १४ मार्च, कार्डिफ, इटली.

इटलीला हलके समजायचे दिवस गेले. याच कार्डिफमध्ये २०२२ मध्ये त्यांनी सिक्स नेशन्समधली आपली ३६ पराभवांची माळ तोडली. २०२४ मध्ये पुन्हा इथेच जिंकले, गेल्या वर्षी रोममध्येही. वेल्सने या स्पर्धेत शेवटचा विजय मिळवला तो मार्च २०२३ मध्ये, इटलीवरच. नंतरचे ११ सामने पाण्यात. सलग दोन वर्षे तळाचा ‘लाकडी चमचा’ हाती आला. तिसरा टळणार की नाही, हे बहुधा याच दिवशी ठरेल. माझे मत विचाराल तर चार पराभव आणि हा एक विजय. तेवढे झाले तरी मी हंगाम बरा गेला असे म्हणेन. तोपर्यंत मी गुणफलकाकडे कमी आणि स्क्रमकडे जास्त बघणार आहे. पहिल्या दहा स्क्रमांत किती पेनल्टी दिल्या, एवढे एका कागदावर टिपायचे, हे शेजाऱ्यांनी शिकवले आहे.

मी हे नुसते घरात बसून लिहीत नाही. १५ नोव्हेंबरला जपानविरुद्धच्या सामन्याला आम्ही दोघे प्रिन्सिपॅलिटी स्टेडियमवर गेलो होतो. लोक दर पाच मिनिटांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात चार-चार बिअरचे पेले घेऊन गुडघ्यांवरून ये-जा करत होते, निम्मा खेळ मला उभ्याउभ्या बघावा लागला. वेळ संपली तेव्हा जपान २३-२१ ने पुढे होते आणि वेल्सला पेनल्टी मिळाली. जॅरोड एव्हान्सने चेंडू ठेवला. शेजाऱ्यांनी किक पाहिलीच नाही, ते आपल्या बुटांकडे बघत होते. चेंडू खांबांमधून गेला, २४-२३. त्या एका किकने वेल्स क्रमवारीत पहिल्या बारांत राहिले आणि २०२७ च्या विश्वचषकाच्या सोडतीत दुसऱ्या फळीत गेले. आता त्यांच्या गटात इंग्लंड, टोंगा आणि झिम्बाब्वे आहेत. याहून अवघड गट वाट्याला येऊ शकला असता.

माझे परतीचे तिकीट ९ मार्चचे होते. मुलीने कुरकुरत ते १७ चे करून दिले. संपादक महोदय, आपल्याला एकच विनंती : ७३-० ला चार ओळी दिल्यात, तशा इटलीच्या सामन्यालाही द्या, निकाल काहीही लागो.

कळावे,

आपला,
एक जुना वाचक, ठाणे (सध्या मुक्काम कार्डिफ)