दिंडीसोबत चालणाऱ्या सर्व माउलींना सूचना

राम कृष्ण हरी!

यंदा आपल्यातले बरेच जण पहिल्यांदाच आळंदी ते पंढरपूर चालणार आहेत, म्हणून हे आताच सांगते. चालायची सवय आजपासून लावा. पुणे ते सासवड ही मजल जवळजवळ 30 किलोमीटरची. त्यात दिवे घाटाची चढण, आणि त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे अनेकांना उपवास. रोज दोन तास आणि रविवारी चार तास चाललात, तरच घाटात भजनाला दम उरेल.

नवे बूट घालून कृपा करून येऊ नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या टाचांना फोड आले आणि जेजुरीपासून वाल्ह्यापर्यंत मी रडत चालले. वापरून मऊ झालेले बूट, सुती मोज्यांचे तीन जोड आणि बोटांना लावायला व्हॅसलीन आणा.

मोठी बॅग ट्रकमध्ये जाईल, तिच्यावर नाव ठळक लिहा. ती मुक्कामावरच हाती येते, त्यामुळे रोजची औषधे, पाण्याची बाटली आणि पावसासाठी प्लास्टिकचे इरले खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच नाव नक्की करावे. ही गोष्ट लपवू नका, माउली. कोणी थकले तर ट्रकमध्ये बसवता येते, पण आम्हाला आधी माहीत हवे.

टाळ ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जरूर आणावेत. पावल्यांचा, म्हणजे टाळांच्या तालावर पावले टाकत नाचण्याचा, सराव येत्या रविवारी सकाळी, नेहमीच्या मंदिरात.