‘डिप थेरिया’ नव्हे, डिफ्थेरिया

संपादक महोदय,

कालच्या अंकातील लसीकरणाच्या बातमीत डिफ्थेरिया, म्हणजे घटसर्प, हा शब्द ‘डिप थेरिया’ असे दोन तुकडे करून तीनदा छापला आहे. एकदाच झाले असते तर जुळणीतली चूक समजून मी सोडून दिले असते.

‘डिप’ आणि ‘थेरिया’ जोडून हा शब्द बनलेला नाही. ग्रीकमध्ये ‘डिफ्थेरा’ म्हणजे कातडे. या आजारात घशात धरणारा करडा, चिवट पापुद्रा कातड्यासारखा दिसतो, म्हणून फ्रेंच वैद्य ब्रेतोनो यांनी १८२६ मध्ये त्यावरून आजाराला नाव दिले. मूळ शब्दात फाय (फ) आणि थीटा (थ) ही ग्रीक अक्षरे लागोपाठ येतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते जड जाते, त्यामुळे ‘डिप्’ हा उच्चार रूढ झाला आणि त्यांचे कोशही आता तो नोंदवतात, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्या लिपीत फ आणि थ ही दोन्ही अक्षरे असताना आपण परक्यांची अडचण का उसनी घ्यावी? तोडायचाच तर तो डिफ्-थे-रि-या असा तोडावा.

आरोग्यसेविकेच्या तोंडी परीक्षेत मी ‘डिफ्थेरिया’ म्हटले, तेव्हा परीक्षकांनी सर्वांदेखत ‘डिप म्हणा, आधी बोलायला शिका’ असे सुनावले. उत्तर बरोबर असूनही मी मान खाली घालून बाहेर आले, ते अजून डाचते.

पुढे पेठ तालुक्यात काम करताना एका आईने मुलाचे लसीकरण कार्ड पुढे करून मला विचारले, ‘नर्सबाई, हे डिप म्हणजे लस का आजार?’ कार्डावर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची लस), भिंतीवरच्या फलकावर ‘डिप थेरिया’ आणि तिच्या सासूच्या तोंडी घटसर्प, हे तिन्ही एकाच आजाराशी निगडित आहेत हे तिला कुणी सांगितलेच नव्हते, आणि पाच वर्षांच्या मुलाची वर्धक मात्रा राहून गेली होती.

आपल्या बातमीतही ‘घटसर्प’ हा शब्द एकदाही नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायच्या टीडी लसीचा उल्लेख आहे, पण त्यातला ‘डी’ म्हणजे हाच आजार, हे सांगितलेले नाही. कृपया उद्याच्या अंकात ‘डिफ्थेरिया, म्हणजेच घटसर्प’ अशी दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी, कारण चूकही पहिल्याच पानावर होती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, पंचवटी, नाशिक