कर्ज विभागातल्या मॅडमना, संध्याकाळच्या पदवीबद्दल

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

आपल्या निरोप समारंभाला मला कोल्हापूरहून येता आले नाही, आणि फोनवर आभाराचा विषय काढला तेव्हा आपण नेहमीप्रमाणे "ते राहू दे, शाखेत काय चाललंय ते सांग" म्हणून तो टाळलात. म्हणून समक्ष बोलायचे राहिले ते इथे लिहितो आहे. हे पत्र उघडपणे लिहिण्याला आणखीही एक कारण आहे. नोकरी सांभाळून व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यावे का, घ्यायचे तर कुठले, असे विचारणारी तरुण मंडळी मला हल्ली वारंवार भेटतात, आणि त्यांना मी जे सांगतो त्यातले बहुतेक मूळचे आपले आहे. ते कुणाकडून आले हे त्यांना कळावे अशी माझी इच्छा आहे.

मुंबईत बँकेच्या फोर्ट शाखेत मी लिपिक म्हणून रुजू झालो तेव्हा सोलापूरची बी.कॉम.ची पदवी आणि दरमहा घरी पाठवायची रक्कम एवढेच माझ्या जमेला आणि नावे होते. एमबीए करायचे हे मनाशी पक्के होते. पण एमबीए म्हणजे नेमके काय, याची माहिती वर्तमानपत्रांतल्या पानभर जाहिरातींपलीकडे नव्हती. एका खासगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन मी शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला आपल्या टेबलाशी आलो, आणि आपण ते एखाद्या कर्जप्रस्तावासारखे, म्हणजे शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांपासून वाचायला घेतलेत.

अभ्यासक्रम संपल्यावर हाती पडणाऱ्या कागदावर काय लिहिलेले असेल आणि त्यावर सही कुणाची असेल, हा आपला पहिला प्रश्न होता. मला उत्तर देता आले नाही, तेव्हा आपण समजावून सांगितलेत की पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा असतो, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या स्वायत्त खासगी संस्था पदव्युत्तर पदविका देतात, आणि ज्यांच्या मान्यतेचा ठावठिकाणा नसतो त्या संस्था देतात ते नुसते प्रमाणपत्र असते. आयआयएमसुद्धा तेव्हा पदविकाच देत असत, कारण त्या नोंदणीकृत सोसायट्या होत्या, विद्यापीठे नव्हेत; पदवीचा अधिकार त्यांना मिळाला तो पुढे २०१७ च्या कायद्याने. पदविका म्हणजे दुय्यम असे समजू नकोस, अहमदाबादच्या पदविकेपुढे देशातल्या कितीतरी पदव्या फिक्या पडतात, हेही आपण बजावलेत. मात्र अहमदाबादची पदविका अहमदाबादच्या नावावर चालते. ज्या संस्थेला नावच नाही तिची पदविका कशाच्या जोरावर चालणार, असे विचारून आपण ते माहितीपत्रक मला परत दिलेत. त्या संस्थेचे शुल्क, कर्जावरचे व्याज आणि दोन वर्षांचा बुडणारा पगार यांची बेरीज आपण एका वापरलेल्या व्हाउचरच्या मागे करून दाखवली होती, आणि तेवढ्यावरच माझा निम्मा निर्णय झाला होता.

उरलेला निम्मा निर्णय आपण जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीजचे नाव घेतलेत तेव्हा झाला. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूल ऑफ बिझनेसच्या सहकार्याने सुरू केलेली ही संस्था चर्चगेटला, आपल्या शाखेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि तिथे शिकणे माझ्यासारख्याच्या आवाक्यात आहे हे तोवर माझ्या गावीही नव्हते. 'बजाज' म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिथला दोन वर्षांचा पूर्णवेळ एमएमएस, म्हणजे व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम येतो. त्यासाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अडीच तासांत २०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि खुल्या गटातून तिथे पोहोचायचे तर ९९ च्याही बरेच पुढचे पर्सेंटाइल लागते. आपण मात्र बोट ठेवलेत ते त्याच इमारतीत संध्याकाळी चालणाऱ्या तीन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमांवर. वित्त व्यवस्थापनाचा एमएफएम, विपणनाचा एमएमएम, मनुष्यबळ विकासाचा एमएचआरडीएम आणि माहिती व्यवस्थापनाचा एमआयएम, अशा या सगळ्या विद्यापीठाच्या पूर्ण पदव्या आहेत आणि त्या नोकरदारांसाठीच आखलेल्या आहेत. आपण स्वतः घरी दोन लहान मुले असताना एमएफएम केले होते, हे मला त्या दिवशी आपल्याकडून नव्हे, तर नंतर कॅशियर काकांकडून कळले.

प्रवेश परीक्षा आणि मुलाखत पार पडली. त्याआधी जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा उरकून घे, त्याची वेतनवाढ मिळते आणि तीच शुल्काला लागेल, हा आपला सल्लाही कामी आला. इथवरची मदत कुणीही जाणती व्यक्ती करू शकली असती, असे आपण म्हणाल. पण प्रवेश मिळाल्यावर पुढची तीन वर्षे आपण जे केलेत, ते करणारे वरिष्ठ मी त्यानंतर फारसे पाहिलेले नाहीत.

बँकेतल्या माणसाला संध्याकाळचे शिक्षण जड का जाते, हे बँकेबाहेरच्यांना सहसा कळत नाही. काउंटर बंद झाले तरी दिवस संपत नाही. हिशेब जुळेपर्यंत, डे-एंड म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद होईपर्यंत कुणी हलू शकत नाही, आणि शाखेतून निघायला सहाच्या पुढे गेले की वर्गातला पहिला तास बुडालाच म्हणून समजावे. आपण मला क्लिअरिंगमधून, म्हणजे धनादेश वटवण्याच्या कामातून काढून कर्ज विभागात घेतलेत आणि माझ्याकडे मुद्दाम अशी कामे दिलीत जी सकाळी लवकर येऊन संपवता येतील: स्टॉक स्टेटमेंटची, म्हणजे कर्जदारांच्या मालसाठ्याच्या विवरणांची तपासणी, विम्याच्या मुदती, नूतनीकरणाच्या तारखांचे रजिस्टर. संध्याकाळी माझ्या वाटणीचे जे उरे ते आपण स्वतः पाहत होतात. मार्च महिन्यात मात्र कसलीही सवलत नव्हती आणि ती मागण्याची माझी छातीही नव्हती. एरवी मी हुतात्मा चौकातून ओव्हल मैदान ओलांडून वेळेवर वर्गात पोहोचत असे, आणि माझ्याच वयाचे, माझ्याहून मोठ्या पदांवरचे, विमा कंपन्यांतले, दलाल पेढ्यांतले सहाध्यायी धापा टाकत आत येताना पाहून मला आपली आठवण होत असे.

आपण दिवसा मला जे शिकवलेत त्याचा एक प्रसंग इथे सविस्तर सांगतो, कारण संध्याकाळच्या पदवीचे खरे बळ कशात आहे ते त्यातून दिसते. उद्योगाला रोजच्या व्यवहारासाठी लागणारे खेळते भांडवल बँकेने किती पुरवावे, हे ठरवण्याची टंडन समितीची दुसरी पद्धत वर्गात शिकवून झाली होती. १९७४ साली नेमलेल्या या समितीच्या या सूत्रानुसार कर्जदाराने एकूण चालू मालमत्तेच्या (मालसाठा, येणी वगैरे) २५ टक्के रक्कम स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या निधीतून आणायची आणि पुरवठादारांची देणी वगैरे वजा जाता उरलेल्या गरजेला बँकेने पैसा पुरवायचा. रिझर्व्ह बँकेने १९९७ मध्ये त्याची सक्ती काढली असली तरी बँकांच्या टेबलांवर ते सूत्र टिकून आहे. दुसऱ्या दिवशी आपण भिवंडीच्या एका कारखानदाराची फाइल माझ्यापुढे ठेवलीत. चालू मालमत्ता १ कोटी, मालाच्या पुरवठादारांची देणी १५ लाख. मी मोठ्या उत्साहाने मांडले: कोटीतून कर्जदाराचे २५ लाख गेले, देण्यांचे १५ लाख गेले, बँकेने द्यायचे ६० लाख, आणि चालू गुणोत्तर, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी (बँकेच्या कर्जासह), बरोबर १.३३. आपण एवढेच म्हणालात की आता येणी कुणाकडून आणि कधीपासून आहेत ती यादी वाच. यादीतली २० लाखांची बिले इतकी जुनी होती की ती वसूल होतील असे खुद्द कारखानदारही खात्रीने सांगू शकला नसता. ती वगळल्यावर चालू मालमत्ता ८० लाखांवर आली, कर्जदाराचा वाटा २० लाख, देणी १५ लाख, आणि बँकेची मर्यादा ४५ लाख. परीक्षेत ६० हे उत्तर बरोबर ठरले असते; फाइलवर ते बँकेला १५ लाखांना पडले असते. त्यानंतर वर्गातले प्रत्येक सूत्र मी दुसऱ्या दिवशी एखाद्या फाइलवर घासून पाहू लागलो, आणि दिवसभर पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ही सोय नसते.

तिसऱ्या वर्षी पदोन्नतीची परीक्षा उत्तीर्ण झालो आणि शेवटचे सत्र चालू असतानाच बदलीचा आदेश आला. मी तो स्वीकारायच्या तयारीत होतो. आपण मला न विचारता वरच्या कार्यालयाला टिपण पाठवलेत की हा कर्मचारी जी पदवी घेतो आहे तिचा लाभ शेवटी बँकेलाच होणार आहे, तेव्हा परीक्षा होईपर्यंत त्याला कार्यमुक्त करू नये. माझ्या शिक्षणाचा उल्लेख आपण बँकेचे काम म्हणून केलात, माझ्यावरची कृपा म्हणून नव्हे, आणि म्हणूनच ते टिपण मंजूर झाले असावे असे मला वाटते. त्या कागदाची प्रत मला बऱ्याच वर्षांनी, माझ्या सेवापुस्तिकेसोबतच्या कागदपत्रांत सापडली.

सध्या मी कोल्हापुरात आहे आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचे प्रस्ताव पाहतो. लघुउद्योगांना अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळते भांडवल द्यावे, हा नायक समितीचा ठोकताळा इथे रोज वापरला जातो. तो मुळात कच्च्या मालात घातलेला पैसा विक्रीतून परत येण्याचे तीन महिन्यांचे चक्र गृहीत धरतो: उलाढालीच्या २५ टक्के गरज, त्यातले ५ टक्के उद्योजकाचे. पण कच्चे लोखंड आणि भंगार रोखीने घ्यायचे, ओतकाम आणि यंत्रण यांत काही आठवडे घालवायचे, आणि मोटार कंपन्यांकडून पैसे यायला आणखी तीन महिने थांबायचे, अशा उद्योगाचे चक्र तीन महिन्यांत कसे पुरे होणार? तिथे २० टक्क्यांवर थांबले तर चांगला उद्योजकही सावकाराच्या दारात जातो. अशा वेळी प्रत्यक्ष चक्र मोजून जास्त मर्यादेची शिफारस करण्याचे, आणि ती वरच्या समितीपुढे आकड्यांनिशी मांडण्याचे धैर्य माझ्यात आहे. पदोन्नतीच्या मुलाखतीतल्या पदवीच्या उल्लेखाने नोकरीत दोन पायऱ्या चढता आल्या हे खरेच, पण माझ्या लेखी ती गोष्ट त्यामानाने किरकोळ आहे.

विचारायला येणाऱ्या मुलामुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो, तीही आपलीच. ज्याला आपला व्यवसायच बदलायचा आहे, बँक सोडून सल्लागार कंपनीत किंवा विपणनात जायचे आहे, त्याने धीर करून पूर्णवेळ अभ्यासक्रमच घ्यावा, कारण संस्थेच्या आवारात कंपन्या भरतीला येतात त्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी. ज्याला आहे त्याच क्षेत्रात वर जायचे आहे, त्याने पगार न सोडता संध्याकाळची पदवी घ्यावी. आणि सहा महिन्यांत घरबसल्या एमबीए, अशा जाहिरातींचे कात्रणही जवळ ठेवू नये. हे ऐकून काहींचे चेहरे उतरतात, पण त्याला माझा इलाज नाही.

शेवटी एक विनंती. आपण व्हाउचरांच्या पाठीवर करून दिलेली गणिते मी जपून ठेवली आहेत. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या परिवीक्षाधीन अधिकाऱ्यांसाठी ती टंकलिखित करून घ्यावीत असे मनात आहे; आपली परवानगी असेल तरच करीन, आणि आपले नाव घालायचे की नाही तेही आपणच ठरवावे. त्यातल्या निर्यात कर्जाच्या पानावर मार्जिनच्या, म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायच्या वाट्याच्या रकान्यात आपण २५ टक्के खोडून १० लिहिले आहे आणि शेजारी नुसते 'ऑर्डर पाहा' एवढेच आहे. खात्रीची निर्यात ऑर्डर हाती होती म्हणून मार्जिन उतरवले, असा मी त्याचा अर्थ लावला आहे. तो बरोबर आहे का, आणि ऑर्डरमधले नेमके काय पाहून आपण १० वर आलात, तेवढे सवडीने कळवावे.

कळावे, लोभ आहेच तो वृद्धिंगत व्हावा.

आपला नम्र,
फोर्ट शाखेतला आपला एके काळचा सहायक