मामाच्या डी-डायमरविषयी चि. निखिलला पत्र

नौपाडा, ठाणे

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

फ्लूनंतर मामाच्या रक्ततपासणीत डी-डायमर वाढलेला आहे, तेव्हा गुठळी होऊ नये म्हणून त्याला रोज ॲस्पिरिन सुरू करा, असे तू कळवले आहेस. ती गोळी आम्ही सुरू केलेली नाही. त्याची कारणे फोनवरच्या घाईत सांगण्यापेक्षा लिहिलेली बरी.

रक्ताची गुठळी विरघळू लागली की फायब्रिनचे (गुठळीला बांधून ठेवणाऱ्या धाग्यांसारख्या प्रथिनाचे) जे तुकडे रक्तात उतरतात, त्यांतला एक डी-डायमर. तो न्यूमोनियात, शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात, इतकेच काय, नुसत्या वयानेही वाढतो. प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या माणसाचे मत म्हणून ऐक: हा आकडा कमी आला तर गुठळीची शंका दूर करायला उपयोगी पडतो, पण वाढलेला आकडा एकटा फारसे काही सिद्ध करत नाही.

तुझी भीती मात्र निराधार नाही. फ्लू किंवा कोविड गंभीर झाला, की विषाणूमुळे आणि त्याच्याशी लढताना उसळलेल्या दाहामुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, पांढऱ्या पेशी गोठण्याची क्रिया चेतवतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायांतले रक्त मंदावते. अस्तर, प्रवाह आणि रक्ताची घडण ही गुठळीची तीन कारणे आजही एकोणिसाव्या शतकातल्या फिर्खो या जर्मन डॉक्टरच्या नावाने शिकवली जातात. कोविडमध्ये तर प्रतिबंधक हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) चालू असतानाही काही रुग्णांच्या फुप्फुसांत गुठळ्या झाल्या, आणि शवविच्छेदनांत अगदी बारीक वाहिन्याही तुंबलेल्या आढळल्या.

म्हणून औषध जितके जास्त तितके चांगले, असे वाटणे साहजिक होते. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत पूर्ण मात्रेतल्या हेपॅरिनचा फायदा वॉर्डातल्या मध्यम आजारी रुग्णांना झाला, अतिदक्षता विभागातल्यांना झाला नाही. ॲस्पिरिनची परीक्षा ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत सुमारे १५,००० दाखल रुग्णांवर झाली. मृत्यू कमी झाले नाहीत, गुठळ्या किंचित कमी झाल्या आणि रक्तस्राव किंचित वाढला. हे सगळे कोविडचे निष्कर्ष, आणि मामाला झाला होता फ्लू; शिवाय त्याला अल्सरचा जुना त्रास आहे. त्यात ठाण्यात पावसाळ्यात डेंग्यू असतोच. पुढचा ताप डेंग्यूचा निघाला आणि प्लेटलेट उतरू लागल्या, तर हीच ॲस्पिरिन रक्तस्राव वाढवून अंगावर येईल.

रुग्णालयात असताना त्याला पोटावर हेपॅरिनची इंजेक्शने दिली होती आणि घरी जाताना ती डॉक्टरांनी विचारपूर्वक थांबवली. आता तो सोसायटीच्या आवारात सकाळ-संध्याकाळ चालतो आणि भरपूर पाणी पितो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले, तर कोणत्याही तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे मामीला सांगून ठेवले आहे.

गुरुवारी फेरतपासणी आहे. तुझ्या शंका बुधवारपर्यंत लिहून पाठव. तो कागद मी डॉक्टरांसमोर ठेवीन.

तुझी,
आई