रविवारची शिकार नको, राखणीच्या रात्रीची परवानगी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भात पोसवायला लागले की खानापूर तालुका आणि बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग रानडुकरांपासून पीक राखायला रात्रीचा जागा असतो. डुकरांचा विषय निघाला की हल्ली त्याच्या मागोमाग एक मागणीही येते: कर्नाटक राज्याने वन्यजीव कायद्यात दुरुस्ती करून निदान रविवारी तरी शिकार खुली करावी. दाखला अमेरिकेचा दिला जातो. मागणीमागचा राग खरा आहे. पण दाखला अर्धवट आहे, आणि जे मागितले जातेय ते मिळाले तरी त्याने पीक वाचणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी दाखल्याचे बघू. पेनसिल्व्हेनिया राज्यात रविवारी शिकारीला बंदी होती ती धार्मिक कारणाने. रविवार प्रार्थनेसाठी राखून ठेवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यांपैकी ती एक. 2019 च्या कायद्याने वर्षातले तीन रविवार मोकळे झाले. जुलै 2025 मध्ये सरसकट बंदी उठली आणि कोणते रविवार द्यायचे ते ठरवण्याचा अधिकार तिथल्या गेम कमिशनकडे, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी मंडळाकडे गेला. मात्र सोमवार ते शनिवार शिकार तिथे आधीपासून कायदेशीरच होती. तीही मोकाट नव्हे: शिकाऱ्याला परवाना, प्रत्येक प्राण्याला हंगाम, मारलेल्या हरणाला लावायचा टॅग, बंदुकीच्या हंगामात डोक्यावर-छातीवर-पाठीवर मिळून किमान 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड. 2019 च्या कायद्यात तर रविवारी खाजगी रानात शिरायला मालकाची लेखी परवानगी लागे. त्यांनी सहा दिवसांना सातवा जोडला. आपल्याकडे पहिले सहाच नाहीत.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 आहे. त्याच्या कलम 9 प्रमाणे शिकारीला बंदी आहे, सोमवारीही आणि रविवारीही. पूर्वी परवाना काढून शिकार करता येत असे. ती सोय 1991 च्या दुरुस्तीने गेली. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे; गवा, हत्ती, सांबर अनुसूची 1 मध्ये. (अनुसूची म्हणजे कायद्याला जोडलेली प्राण्यांची यादी; पहिलीतल्यांना संरक्षण जास्त.) अनुसूची 1 मधले जनावर मारले तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25 हजार दंड. डुकराच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय बंदूक आणि गाडी जप्त. जांबोटीच्या रानात "डुक्कर समजून" झाडलेली गोळी सांबराला लागली तर शिक्षेचा आकडा कुठल्या कुठे जातो, याचा विचार हाक्याला, म्हणजे रान उठवून जनावर बंदुकीपुढे आणायच्या शिकारीला, निघालेला माणूस क्वचितच करतो.

राज्य हा कायदा बदलू शकते का? शकते. वन्यप्राण्यांचे संरक्षण हा विषय 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, आला. केंद्राच्या कायद्याशी विसंगत दुरुस्ती विधानसभेने केली, तर घटनेच्या कलम 254(2) खाली राष्ट्रपतींची संमती लागते. कर्नाटकाने हा रस्ता तुडवलेला आहे. कंबळ (चिखलातली रेड्यांची शर्यत) आणि बैलगाडा शर्यतींसाठी 2017 मध्ये प्राणी क्रूरता कायद्यात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. केरळ विधानसभेनेही 2025 मध्ये वन्यजीव कायद्याला राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. पण या वाटेने जायला वर्षे लागतात, आणि इतकी वर्षे खर्चून हाती फक्त एक वार घ्यायचा?

रविवारच्या हाक्याने काय होते ते रानाशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डुक्कर दिवसा करवंदाच्या जाळीत, घाणेरीच्या झुडपात नाहीतर उभ्या उसात पडून असते. पीक खाते रात्री, साधारण आठ-नऊपासून पहाटेपर्यंत. दिवसा वीस-पंचवीस माणसे, कुत्री आणि चार बंदुका घेऊन रान उठवले की कळप फुटतो. फुटलेला कळप मरत नाही, शेजारच्या गावाच्या शिवारात जातो आणि दोन-चार रात्रींनी परत येतो. बंदुकीपुढे येतो तो बहुतेक वेळा एकटा फिरणारा सुळेवाला नर, कारण सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. तो मेल्याने पुढच्या वर्षीचे एकही पिल्लू कमी होत नाही; उरलेले नर पुरतात. मादी सुमारे 115 दिवसांत विते, वेताला चार-सहा पिल्ले देते, आणि ऊस-मक्याची ददात नसेल तर वर्षभराची झाली की स्वतः गाभण राहते. असल्या जनावराची संख्या आठवड्यातून एकदा मोठा नर पाडून आटोक्यात येत नाही.

माणसांच्या जिवाचा प्रश्न वेगळाच. हाक्यात बंदूकवाले समोरासमोर किंवा वाकड्या रेषेत बसतात, हाकारे त्यांच्याच दिशेने येतात, आणि जनावर दोघांच्या मधून पळते. गोळी जमिनीला समांतर जाते. आपल्या भागात जमिनीवर जांभ्याचे उघडे खडक आहेत. त्यावर आपटलेली गोळी कुठे वळेल ते सांगता येत नाही. रविवारी सुट्टी म्हणून त्याच रानात गुरांमागे पोरे, सरपणाला बायका आणि चोर्ला घाटाकडे निघालेले पर्यटक असतात. ज्यांना रविवार हवा आहे त्यांतले बरेच जण शनिवारी संध्याकाळी शहरातून येणारे आहेत, त्यांच्या नावावर या शिवारात एक गुंठाही नाही. त्यांना मांसाचे वाटे हवेत. शेतकऱ्याच्या नावाने त्यांची सोय कशाला करायची?

शेतकऱ्याला लागते ती परवानगी त्याच्या स्वतःच्या सर्व्हे नंबरात, पीक खाल्ले जाण्याच्या काळात आणि रात्रीची. ती द्यायला कायदा बदलावाच लागत नाही. कलम 11(1)(ब) आजही सांगते की अनुसूची 2 मधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, उभ्या पिकांसह, धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कारणे नोंदवून, ठरावीक क्षेत्रापुरती, लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. अडचण अंतराची आहे. डुक्कर आज रात्री येते आणि फाईल बेंगळुरूला जाते. महाराष्ट्राने 2015 मध्ये हा अधिकार खाली, वनक्षेत्रपालापर्यंत आणला आणि 24 तासांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजण्याची तरतूद केली. म्हणजे सीमेपलीकडच्या चंदगडच्या शेतकऱ्याला कागदावर जो हक्क आहे, तो त्याच डुकरांचा त्रास सोसणाऱ्या इकडच्या शेतकऱ्याला नाही. केरळने 2022 मध्ये ग्रामपंचायत अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षक करून हा आदेश देण्याचा अधिकार दिला. दोन्ही ठिकाणी सरकारी आदेशाने काम भागले.

कर्नाटकानेही आदेश काढावा आणि त्यात बारकावे आत्ताच घालावेत, नाहीतर पुढे त्याचाच गैरवापर होईल. परवानगी सर्व्हे नंबरानुसार आणि पिकानुसार असावी: भाताला दूध भरण्यापासून कापणीपर्यंत, रताळ्याला आणि भुईमुगाला जमिनीत माल धरल्यापासून काढणीपर्यंत. उचगाव, बेकिनकेरे, अतिवाड भागातल्या रताळ्याचे नुकसान भातापेक्षा वाईट. डुक्कर सरी उलथीपालथी करते, खाल्लेले कमी आणि उघडे पडून सडलेले जास्त. बंदूक चालवणाऱ्याचे नाव आणि परवाना क्रमांक आदेशात हवा. हाका, कुत्री, फास, बॉम्ब आणि विजेची तार यांना स्पष्ट मनाई हवी.

मारायचे कसे, हेही लिहायला हवे, कारण अर्धा घोटाळा तिथेच होतो. राखणीला बसायचा माळा दहा-बारा फूट उंच असावा, म्हणजे गोळी खाली जाते आणि शेताच्या मातीत मुरते. वारा शेताकडून माळ्याकडे येणारा हवा. डुकराची नजर मंद, पण नाक फार तिखट. बारा बोरच्या बंदुकीतून पाखरांचे बारीक छर्रे डुकरावर झाडू नयेत. त्याने जनावर मरत नाही, जखमी होते, आणि सकाळी बांधावर गवत कापणाऱ्या बाईच्या अंगावर येते. मोठ्या छऱ्याचे काडतूसही 30-35 मीटरपलीकडे भरवशाचे नाही. ठासणीच्या बंदुकीची दारू आणि टोपी आपल्या पावसात सर्द होते. टोपी उडाली आणि बार झाला नाही, तर नळी लगेच आपल्याकडे वळवू नये, बार उशिराही होतो. जखमी डुकरामागे रात्री जाऊ नये. कळपातली म्हातारी मादी पुढारी असते. तिला पाडले तर कळप फुटून चार शेतांत शिरतो. वर्षाच्या आतले जनावर शेतातच पडले, तर कळप ते शेत काही दिवस टाळतो. राखणीला नेमके तेवढेच हवे असते.

मेलेले डुक्कर कायद्याने सरकारची मालमत्ता आहे, हे अनेकांना पटत नाही. पण मांस घरी नेण्याची मुभा दिली, तर राखण आणि शिकार यांतला फरक आठवड्यात पुसला जाईल. वनरक्षकासमोर पंचनामा करून, विहीर-ओढ्यापासून लांब, माणूसभर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. 2020 पासून देशात आफ्रिकन स्वाईन फिव्हर आहे. तो माणसाला होत नाही, पण रानडुकराची आतडी उघड्यावर टाकली तर गावातल्या पाळीव डुकरांपर्यंत पोहोचू शकतो.

आता अर्जाबद्दल. आपल्याकडे नुकसान होते, शिव्या दिल्या जातात आणि अर्ज मात्र होत नाही. कागदावर अर्ज नाहीत म्हणजे त्रासही नाही, असा निष्कर्ष वर निघतो. उद्या राज्याने कलम 62 खाली ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी डुकराला उपद्रवी घोषित करण्याचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवायचा म्हटला, तरी त्याला जोडायला हेच कागद लागतील. नुकसान झाल्यावर पावसाने खुणा पुसण्याआधी फोटो काढावेत. डुकराच्या पावलात पुढे दोन खूर आणि मऊ चिखलात मागच्या बाजूला दोन ठिपके उमटतात. कणसाचा चघळून थुंकलेला चोथा बांधावर सापडतो. ऊस बुडाकडून फोडलेला असतो. गव्याचा खूर मोठा आणि गोलसर, आणि तो भाताचे शेंडे वरून खातो. हा फरक अर्जात आला नाही तर परवानगी अडते, कारण गव्यासाठी ती याप्रमाणे मिळणारच नाही. उतारा, पिकाची नोंद, फोटो आणि अंदाजे क्षेत्र लावून वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि भरपाईसाठी वनखात्याच्या ई-परिहार या ऑनलाइन पोर्टलवर वेगळी नोंद करावी.

तोवर झटका मशीनला पर्याय नाही. पण बहुतेकांची कुंपणे डुकराला अडवत नाहीत, कारण पहिली तार गुडघ्यावर असते. डुक्कर खालून जाते. पहिली तार वीतभर, दुसरी हातभर, तिसरी कमरेखाली. पावसाळ्यात तारेला लागलेले गवत झटका जमिनीत उतरवते, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी तारेखाली गवत मारावे आणि मीटरने व्होल्ट बघावेत. चार हजारांखाली आले की डुक्कर घुसते. पंपाच्या लाईनवरून 230 व्होल्ट थेट तारेत सोडणाऱ्यांना मात्र कोणीही पाठीशी घालू नये. झटका मशीनचा धक्का क्षणाचा असतो, सरळ लाईन सोडत नाही. तिच्यात डुकराआधी गाय, आणि गायीआधी पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारी सापडतो.

कायद्यात दुरुस्ती करायचीच असेल, तर बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात आपल्या आमदारांनी दोन गोष्टी मागाव्यात. कलम 62 चा अधिकार फक्त रानडुकरापुरता, तालुकावार आणि एका हंगामापुरता राज्याला मिळावा. भीमगड अभयारण्य त्यातून वगळावे, कारण तिथे डुक्कर हे वाघ-बिबट्याचे भक्ष्य आहे आणि ते संपले तर बिबटा गोठ्याकडे वळेल. दुसरी मागणी पीक संरक्षणाच्या बंदुकांची. निवडणूक जाहीर झाली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. ती सुगीत लागली, तर हातात परवानगी असूनही राखणदार रिकाम्या हाताने माळ्यावर बसणार. कोणाला बंदूक जमा करण्यातून सूट द्यायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीने अशा परवानाधारकांचे अर्ज वेगळे काढून आठवड्यात निकाली काढावेत. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी कलम 34 प्रमाणे आपल्या बंदुकीची वनखात्याकडे नोंदणी केली आहे का, तेही आताच तपासून घ्यावे. नोंद नसेल तर पहिला अर्ज तिथेच अडेल.

आपले,
खानापूर व बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील काही शेतकरी