पुढचे-मागचे गाळून एकच वाक्य का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला राज्यसभेतल्या बाबासाहेबांवरचा लेख वाचला. मथळा पाहून बरे वाटले होते, कारण मंत्रिपद सोडल्यानंतरच्या त्यांच्या या वर्षांकडे सहसा कोणी फिरकत नाही. लेख संपला तेव्हा मात्र संताप आला. अख्ख्या लेखात सभागृहातले वाक्य एकच, तेही चौकटीत, ठळक टायपात: राज्यघटना जाळणारा पहिला माणूस मी असेन. कशावर बोलताना म्हणाले, का म्हणाले, पुढे काय म्हणाले, याचा कुठे पत्ता नाही.

ते २ सप्टेंबर १९५३ चे भाषण आहे. समोर आंध्र राज्याचे विधेयक होते. बाबासाहेब विरोधी बाकावरून मागणी करत होते की भाषावार राज्यांत लहान समाजघटक बहुसंख्यांच्या हातात सापडतील, त्यांच्या संरक्षणासाठी राज्यपालांकडे काही अधिकार द्या. घटना तुम्हीच केलीत, असे लोक सारखे ऐकवतात, त्यावर ते उसळले. मला जे सांगितले ते मी केले, पुष्कळसे माझ्या मनाविरुद्ध केले, असे म्हणाले आणि जाळण्याचे वाक्य त्या भरात आले. त्याच भाषणात अल्पसंख्याकांकडे काणाडोळा करून चालणार नाही, त्यांना दुखावण्यानेच सगळ्यांत मोठे नुकसान होईल, असेही त्यांनी बजावले. तो खरा मुद्दा! आपल्या लेखकांनी नेमका तोच टाकून दिला.

त्याच दिवशी, वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषण करणाऱ्या पोट्टी श्रीरामुलू यांच्याबद्दल ते जे बोलले, ते तरी सीमाभागाला लागून असलेल्या या जिल्ह्यात छापायला हवे होते. सरकारने आधीच मान्य केलेल्या तत्त्वासाठी एका माणसाला उपोषणात प्राण द्यावे लागले, दुसऱ्या देशात अशा सरकारचे काय झाले असते, असा सवाल त्यांनी भर सभागृहात टाकला होता. भाषिक राज्यासाठी इथल्या लोकांनी किती वर्षे काढली आहेत, हे आपल्याला मी सांगायला नको.

मी इतका का चिडलो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीने शहरातल्या एका वक्तृत्व स्पर्धेसाठी 'विरोधी बाकावरचे बाबासाहेब' हा विषय घेतला. शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांचा पंधरावा खंड तिला लागणार होता. तो इंग्रजीत, जाडजूड, आणि ग्रंथालयात कुलूपबंद कपाटात. घरी न्यायची परवानगी नाही. पोरगी तिथेच बसून वहीत उतरवून घ्यायची. भाषण निळ्या शाईने आणि मध्येच उठून बोलणाऱ्या सदस्यांची नावे लाल शाईने. घरी आल्यावर आम्ही दोघे शब्दकोश घेऊन बसायचो.

जाळण्याच्या वाक्याचा पुढचा भाग तिने या वहीतूनच शोधून काढला होता. १९ मार्च १९५५ ला चौथ्या घटनादुरुस्तीवर बाबासाहेब बोलत असताना डॉ. अनुप सिंग यांनी त्यांना त्या जुन्या वाक्याची आठवण करून दिली. बाबासाहेबांनी टाळाटाळ केली नाही. आम्ही देवासाठी मंदिर बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच दैत्याने ते बळकावले, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते, असे त्यांनी विचारले. त्यावर दुसरे एक सदस्य म्हणाले, मंदिर कशाला, दैत्यालाच घालवा. वाद असा समोरासमोर चालला होता. आपल्या चौकटीतल्या वाक्याला जोडून हे उत्तर यायलाच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याची शुद्ध दिशाभूल होते.

मुलीने हे सगळे स्टेजवर मांडले. पहिली घंटा झाली होती, वेळ शिल्लक होता. तेवढ्यात परीक्षकांनी तिला मध्येच थांबवले आणि माईकवरून सांगितले, "बाबासाहेबांच्या तोंडी असलं काही घालायचं नाही." ती म्हणाली, "सर, पान सांगू का?" उत्तर आले, "खाली बस." वही तिच्या हातात होती. कुणी ती उघडून बघितली नाही. नंबर गेल्याचे दुःख तिला झाले नसेल, पण खोटे बोलल्याचा शिक्का चारचौघांत बसला. त्यानंतर ती कुठल्याच स्पर्धेत उभी राहिली नाही. तिला शंभरदा विनवले, उपयोग झाला नाही.

एकाला ते वाक्य नकोच असते, दुसऱ्याला तेवढेच हवे असते. मूळ भाषण वाचण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत. आता तर राज्यसभेचे जुने वृत्तांत संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. आपल्या लेखकांना कुलूपबंद कपाटाची अडचण नव्हती.

त्यांना लिहायला विषय कमी नव्हते. ऑगस्ट १९५४ मध्ये परराष्ट्र धोरणावर बोलताना तिबेट आणि चीनबरोबरच्या पंचशील करारावरून त्यांनी नेहरूंना धारेवर धरले. त्याच वर्षी अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर बोलले. मालमत्तेच्या ३१ व्या कलमाची जबाबदारी मसुदा समिती घेत नाही, असे १९५५ साली स्पष्ट सांगितले. १९५२ आणि १९५४ मध्ये लोकसभेला दोनदा हरलेला माणूस वरच्या सभागृहातून सरकारला असा जाब विचारत होता.

जाता जाता लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. बिंदू चौकातल्या पुतळ्याखाली नुसते 'डॉ. आंबेडकर पुतळा, कोल्हापूर' असे छापले आहे. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे तिथे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. कोल्हापूरच्या वर्तमानपत्राने एवढी एक ओळ तरी द्यायला हवी होती.

१९५३ आणि १९५५ च्या या दोन्ही भाषणांतला संबंधित भाग, मध्ये बोलणाऱ्या सदस्यांच्या प्रश्नांसह, मराठीत करून रविवारच्या पुरवणीत छापावा, ही विनंती. मुलीची वही अजून घरात आहे. हवी असल्यास कार्यालयात आणून देतो.

आपला,
एक जुना वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर